आळशी गाठ

"माझ्या आईला आळशी म्हणणारे तुम्ही कोण?"

माणूस दारातच उभा होता. एका हातात आमचा रिपोर्ट, दुसऱ्या हातात मोबाइल. मोबाइलवर शब्दकोश उघडलेला होता आणि त्यातल्या एका शब्दावर त्याने अंगठा असा रोवून ठेवला होता, की जणू सोडला तर शब्द पळून जाईल.

"अजून पहाटे उठते माझी आई. सत्तराव्या वर्षी स्वतःचे कपडे स्वतः धुते. आणि तुम्ही लिहिता इंडोलंट? गाठ तपासायला दिली होती तुमच्याकडे, चालचलणूक नाही!"

मी सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलले. उत्तर माझ्याकडे तयार होते. हे विशेषण गाठीचे आहे, रुग्णाचे नाही. वाक्य नीट वाचावे. मी ते म्हणणार तेवढ्यात कोपऱ्यातल्या टायपिस्टने कानातला इअरफोन काढला आणि ते उठून पुढे आले.

"बसा आधी," त्यांनी स्टूल सरकवले. "आई आळशी नाही तुमची. गाठ आळशी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कामचुकार. वाढायचा कंटाळा, पसरायचा कंटाळा. वर्षानुवर्षं एका जागी लोळत पडणारी जात ही. उठून कुणाच्या अंगावर जायचं म्हटलं तर हिच्या जिवावर येतं. शत्रू असा आळशी मिळायला नशीब लागतं, साहेब. आई कामसू आणि गाठ आळशी. आता तुम्हीच सांगा, जिंकणार कोण?"

यातला निम्मा भाग अतिशयोक्त होता आणि उरलेला पोरकट. पण माणूस स्टुलावर बसला. त्याने मोबाइल खिशात टाकला, रिपोर्टची घडी घातली, ती पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

"म्हणजे काढली की झालं?"

"काढायची आणि सहा महिन्यांनी दाखवायला यायचं. आईलाच पाठवा. चालत येतील त्या."

तेवढ्यात सफाईच्या मावशी आत डोकावल्या. "प्रमुख, चहा थंड होतोय तुमचा."

"तुम्ही प्रमुख का इथले?" माणूस ताडकन उठला.

"सगळे म्हणतात तसं," टायपिस्ट म्हणाले. यात खोटे काहीच नव्हते.

माणसाने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि तो गेला. ज्या बाईची सही त्या रिपोर्टवर होती, ती, म्हणजे मी, तीन फुटांवर बसलेली आहे याची त्याला कल्पनाही नव्हती.

आमच्या रुग्णालयाच्या ऊतितपासणी विभागात त्यांना प्रमुख म्हणत, त्यामागे कर्तबगारी अशी काही नव्हती. बावीस वर्षे ते आमचे रिपोर्ट टाइप करत होते. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा आमच्याकडे येतो, मेणात बसवला जातो, त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढून रंगवले जातात. ते पाहून मी जे दिसते ते रेकॉर्डरमध्ये बोलते. प्रमुख कानाला इअरफोन लावून ते टाइप करत. मग एके दिवशी व्यवस्थापनाने कळवले, की यापुढे आवाजावरून यंत्रच टाइप करील. यंत्राच्या चुका पाहायला एक माणूस पुरे. पद एकच, नाव 'रिपोर्ट तपासनीस'. निवड परीक्षेने. परीक्षेचे नाव होते 'प्रगत इंग्रजी शब्दसंपदा'. जो निवडला जाणार नाही त्याला जिथे जागा रिकामी असेल तिथे जावे लागेल, आणि जागा एकच रिकामी होती. तळघरात, जुन्या नमुन्यांच्या भांडारात.

दुसऱ्या दिवशी हे गृहस्थ विटेएवढे जाड पुस्तक घेऊन हजर झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "आजपासून शब्दभांडार वाढवायचं. रोज दहा."

"वा," आमचे मोठे सर म्हणाले. "मग आजपासून तुम्ही आमचे भांडारप्रमुख."

सगळे हसले. आठवड्याभरात 'भांडार' गळून पडले आणि 'प्रमुख' राहिले. त्यांनी कधी हरकत घेतली नाही. टोमण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते पान बहुधा अजून आले नसावे.

मला हा सगळा प्रकार किळसवाणा वाटे. दुसरा शब्द मी वापरणार नाही. रद्द झालेल्या तपासणी-अर्जांच्या जाड कागदाचे ते सारखे तुकडे कापत, प्रत्येकावर एक शब्द लिहीत आणि काचपट्ट्यांच्या रिकाम्या डब्यात उभे करून ठेवत. डब्याला शंभर खाचा. डबा भरला की दुसरा. दिवसभरात मधूनच एक चिठ्ठी उचलायची, ओठ हलवायचे, डोळे मिटायचे. चौपन्न वर्षांचा, दम्याचा, सदऱ्याच्या खिशात फवाऱ्याची नळी बाळगणारा माणूस परीक्षेला बसलेल्या पोरासारखा पुटपुटताना पाहून मला दुसरीकडे बघावेसे वाटे. त्या चिठ्ठ्या मी कधी हातात घेऊन पाहिल्या नाहीत.

आणि शब्द नुसते डब्यात राहिले असते तर गोष्ट वेगळी. ते तोंडातून बाहेर पडत. नवा बूट घालून चालणाऱ्या माणसासारखे त्यांचे बोलणे झाले होते. बूट चावतोय हे सगळ्यांना दिसत होते, पण ते मात्र ऐटीत चालले होते.

"मावशी, चहा आज अगदीच टेपिड आहे."

"काय आहे?"

"टेपिड. म्हणजे कोमट."

"मग कोमट म्हणायला जीभ भाजली का? द्या इकडे, गरम करून आणते."

"मावशी, तुम्ही फार मॅग्नॅनिमस आहात."

"तुम्ही असाल," मावशी म्हणाल्या. त्यांना उदार म्हटले होते. "मला शिव्या द्यायचं काम नाही."

माझे स्वतःचे इंग्रजी चारशे शब्दांचे आहे. मी एकदा मोजले होते. गोल, अनियमित, दाट, विरळ, मोठा, लहान, दिसते, दिसत नाही. पेशी गोल असेल तर गोल म्हणावे. तिला आणखी काही म्हटल्याने ती अधिक गोल होत नाही. प्रमुखांना हे पटत नसे. मी 'लार्ज' बोलले की कागदावर 'कॉर्प्युलंट' उमटून येई. मी तांबड्या पेन्सिलीने खोडत असे.

"गाठ लठ्ठ नसते, प्रमुख. गाठ मोठी असते."

"पण मॅडम, लार्ज फार साधा वाटतो. शाळेतलं पोरही लिहील."

"लिहू दे. त्या पोराला कळलं म्हणजे सगळ्यांना कळेल."

ते मान डोलवत, पुन्हा टाइप करत, आणि चार दिवसांनी कुठल्या तरी आतड्याच्या तुकड्याला 'ओपुलंट', म्हणजे ऐश्वर्यवान, करून ठेवत. नाकापेक्षा मोती जड. इथे तर नाकाचाच पत्ता नव्हता.

मला शब्दांचा धाक नव्हता असे नाही. अकरावीत, मराठी शाळेतून येऊन, मी 'स्पेसिमेन' हा शब्द पहिल्यांदा मोठ्याने वाचला तेव्हा सबंध वर्ग हसला होता. त्यानंतर वर्षभर मी जीवशास्त्राच्या पुस्तकात छोटा शब्दकोश लपवून वाचत असे. पण मी अठरा वर्षांची होते, आणि मी ते लपवून करत होते. दोन्ही बाबतीत माझे वर्तन प्रमुखांपेक्षा बरे होते असे मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटत असे.

एक प्रसंग सांगायला हवा. त्याच वर्षी मी एका परिषदेसाठी निबंध लिहिला. तो प्रमुखांनीच टाइप केला आणि मोठ्या सरांच्या खोलीत माझ्या हातात देताना म्हणाले, "मॅडम, एक विचारू? पान चारवर तुम्ही फॉर्च्युइटस म्हटलंय. रुग्णाच्या गाठीच्या कडा स्वच्छ निघाल्या, तिथं."

"मग?"

"फॉर्च्युइटस म्हणजे योगायोगानं घडलेलं. सुदैवानं म्हणायचं असेल तर फॉर्च्युनेट. मी काल रात्री तीन पुस्तकांत पाहिलं."

मोठे सर खुर्चीत मागे रेलून हसले. "घ्या! भांडारप्रमुखांनी पकडलं तुम्हाला. आता टायपिस्टकडे शिकवणी लावा, बाई."

"सरांचं काहीतरीच," प्रमुख म्हणाले. "मॅडमचं चुकीचं नाही. मी आपलं विचारलं."

मी कागद घेतले, शब्द बदलला आणि आभार मानले नाहीत. त्या दिवसापासून त्यांच्या रिपोर्टांतला एकही फाजील शब्द माझ्या पेन्सिलीतून सुटला नाही. पूर्वी मी आठवड्याला चार-पाच खोडत असे. नंतर बावीस-तेवीस. त्यांची चूक वाढली होती की माझी पेन्सिल, याची नोंद मी ठेवली नाही.

आळशी गाठीचा माणूस येऊन गेला त्याच आठवड्यात प्रमुखांची बायको विभागात आली. ठेंगणी, घाईची बाई. प्रमुख फवारा घरी विसरले होते, तो द्यायला आली होती. ते कुठेतरी बाहेर गेले होते म्हणून ती माझ्या टेबलाशी थांबली.

"तुम्हीच ना त्या मॅडम? आवाजावरून ओळखलं. घरी कानात तुमचाच आवाज असतो त्यांच्या. जुन्या टेपा लावून बसतात."

"कशासाठी?"

"मला काय कळतंय! अभ्यास म्हणतात. आरशावर शब्द, फळीवर शब्द, दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर शब्द. परवा दूध उतू गेलं तर मला म्हणतात, घाबरू नकोस, हे एफर्व्हेसंट आहे, म्हणजे फसफसणारं. मी म्हटलं, पुसा आता ते तुमचं." ती हसली. मग फवारा टेबलावर ठेवून आवाज खाली आणला. "बाई, तेवढं तळघर चुकवा हो. तिथं ते औषधातले तुकडे ठेवतात ना? तो वास मला इथं दारात सोसवत नाही. ह्यांची छाती तर… नोकरीची तीन वर्षं राहिलीत फक्त. मी काय वशिला नाही मागत. पास तर ते होतीलच. आमच्या घरात आता माझ्यापेक्षा शब्द जास्त आहेत."

"परीक्षा आहे," मी म्हणाले. "ज्याला येईल तो होईल."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि निर्धास्त होऊन गेली.

परीक्षेला दोघेच होते. प्रमुख आणि बिलिंगमधली एक मुलगी. तिचे इंग्रजी अस्खलित होते. म्हणजे बोलताना कुठे अडत नसे, आणि सांगायला काही नसे. तिला आमच्या कामाचे ओ की ठो माहीत नव्हते. पण जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन प्रमुखांच्या टेबलाशी येऊन बसू लागली.

"काका, फ्रँक मॅलिग्नन्सी म्हणजे काय हो? कॅन्सर मोकळ्या स्वभावाचा असतो का?"

"नाही गं. फ्रँक म्हणजे उघड. शंका नको इतका स्पष्ट. आणि अनरिमार्केबल लिहिलं असलं तर आनंद मान. तिथं काही वाईट नाही, सगळं जसं हवं तसं आहे."

"आणि हे नॉट अप्रीशिएटेड?"

"दिसलं नाही. शोधलं, पण दिसलं नाही. कुणी कौतुक केलं नाही असं नव्हे."

दोघे हसले. प्रतिस्पर्ध्याला स्वतःची तलवार धार लावून देणाऱ्या माणसाला काय म्हणावे? त्यांच्या पुस्तकात त्यालाही शब्द असेल. मी 'मूर्ख' म्हणते. माझ्या चारशेत तो आहे.

परीक्षेतले ऐंशी गुण बाहेरच्या कंपनीच्या प्रश्नांना होते. उरलेले वीस विभागाने काढायचे, दहा शब्द, प्रत्येकी दोन. मोठ्या सरांनी ते काम माझ्याकडे दिले. मी एका संध्याकाळी शब्द निवडले. दोन शुद्ध आमच्या शास्त्राचे. आठ दुहेरी: इंडोलंट, अनरिमार्केबल, फ्रँक, अप्रीशिएट, इन्सल्ट, फ्लोरिड, एक्झुबरंट, एम्बॅरस. बाहेरच्या जगात या शब्दांचे अर्थ एक, आमच्या टेबलावर दुसरे. जगात इन्सल्ट म्हणजे अपमान; आमच्याकडे ऊतीला झालेली इजा. पुस्तक घोकलेला कोण आणि काम येणारा कोण, हे त्यातून आपोआप वेगळे होईल असा माझा हिशेब होता. वर एवढेच लिहिले: 'पुढील शब्दांचे अर्थ लिहा.'

परीक्षा आमच्याच सभागृहात झाली. मी पर्यवेक्षक. प्रमुख इस्त्रीचा सदरा घालून आले होते, खिशात दोन पेने आणि फवारा. मुलगी खिडकीशी बसली, प्रमुख दोन रांगा सोडून भिंतीशी. कंपनीचा भाग संपला, मी माझा कागद वाटला. दहा मिनिटांनी मुलीने हात वर केला. मी जवळ गेले.

"मॅडम, हे अर्थ कुठल्या अर्थाने?" ती कुजबुजली. "नेहमीच्या की तुमच्या रिपोर्टमधल्या?"

"रिपोर्टमधल्या," मी म्हणाले. परीक्षेत मोठ्याने बोलू नये म्हणून हळूच म्हणाले.

तिने लिहिलेले खोडायला सुरुवात केली. मी मागे वळून पाहिले. प्रमुखांनी मान वर केली नव्हती. त्यांचा डावा कान आमच्या बाजूला होता. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येते हे विभागात सगळ्यांना माहीत होते. मावशीसुद्धा त्यांना चहा द्यायला उजवीकडून येत. बावीस वर्षे इअरफोन डाव्या कानातच असायचा, उजवा दाराकडे मोकळा. कुणी आले तर कळावे म्हणून. त्या कानात बावीस वर्षे माझा आवाज होता.

मी जे तिला सांगितले ते दोन पावले चालून त्यांनाही सांगता आले असते. त्यांनी विचारले नव्हते. मी घड्याळाकडे पाहिले आणि खुर्चीवर जाऊन बसले.

कंपनीच्या भागात प्रमुखांना ऐंशीपैकी सत्त्याहत्तर मिळाले, मुलीला सहासष्ट. मग मी माझे वीस तपासले. प्रमुखांचे अक्षर टाइप केल्यासारखे होते. इंडोलंट: आळशी, कामाचा कंटाळा करणारा. फ्रँक: मनमोकळा, स्पष्टवक्ता. अप्रीशिएट: कदर करणे, कौतुक करणे. इन्सल्ट: अपमान. आठही शब्दांना पुस्तकातले चोख अर्थ. दोन आमच्या शास्त्राचे तेवढे बरोबर. मी चार गुण दिले. मुलीला अठरा. बेरीज एक्याऐंशी आणि चौऱ्याऐंशी.

मोठे सर तक्ता बघून थांबले. "प्रमुखांना वीसपैकी चार? बावीस वर्षं हेच टाइप करतायत ते. इंडोलंट म्हणजे काय, झोपेतसुद्धा सांगतील."

"जागेपणी काय लिहिलंय ते पाहा," मी उत्तरपत्रिका पुढे केली.

त्यांनी पाहिली. "आळशी!" ते हसले. "अरेरे. आडात होतं ते पोहऱ्यात आलंच नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागला माणूस." थोडे थांबून म्हणाले, "चुकीचा नाही म्हणा हा अर्थ तसा. देता येईल का काही? दोन-दोन गुणांचाच प्रश्न आहे."

"एका प्रश्नाला उत्तर एकच असतं, सर."

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले आणि सही केली. कोणता अर्थ हवा ते वरच्या ओळीत लिहिले होते का, हे त्यांनी विचारले नाही. मीही तो विषय काढला नाही. अटी न सांगता प्रयोग करू नये आणि केला तर निष्कर्ष काढू नये, हे मला पहिल्या वर्षाला शिकवले होते. त्यात मला पूर्ण गुण होते.

निकाल लागला त्या दुपारी प्रमुख माझ्या टेबलाशी आले. उत्तरपत्रिका पाहायला मिळाली होती त्यांना.

"मॅडम, इन्सल्ट म्हणजे अपमान नाही का?"

"इथे नाही."

"हो. इथं नाही." त्यांनी मान डोलवली. "मला वाटलं, परीक्षा इंग्रजीची आहे. प्रगत इंग्रजी असं छापलेलं होतं वर. म्हणून इंग्रजीतलं लिहिलं. आपलं हे कामाचं, ते त्यात कुठं धरतात, असं वाटलं मला."

"विचारायचं होतं."

"विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "चूक झाली."

मग त्यांनी आपले डबे आवरले. असे चौतीस डबे निघाले. मावशींनी दोन पिशव्या आणून दिल्या. मुलगी रडली. "काकांनीच शिकवलं मला," ती सगळ्यांना सांगत होती. तिला ते नीट इंग्रजीत सांगता आले असते, पण ती मराठीत सांगत होती.

मी तळघरात गेले ती पाच-सहा महिन्यांनी. सत्तर वर्षांची एक बाई तपासणीला आली होती. चालत आली होती. सोबतच्या मुलाने दारातून प्रमुखांच्या कोपऱ्याकडे पाहिले, तिथे यंत्र दिसले, आणि माझ्याकडे रिपोर्ट देत विचारले, "ते डॉक्टर नाहीत का आज?"

"त्यांची बदली झाली," मी म्हणाले.

नवा काप पूर्वीच्या कापाशी ताडून पाहायचा होता. त्यासाठी जुना मेणाचा ठोकळा हवा होता. माणूस पाठवता आला असता. मी स्वतः गेले.

जिना संपायच्या आधीच डोळे चुरचुरू लागले. खाली दोन दिवे, बरण्यांच्या रांगा, आणि पलीकडे भिंतभर खणांची कपाटे. प्रमुख तोंडाला पट्टी बांधून एका स्टुलावर बसले होते. मला पाहून उभे राहिले. ते पूर्वीपेक्षा वाळले होते. श्वास घेताना शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता.

"क्रमांक सांगा, मॅडम."

मी सांगितला.

"दुसरं कपाट, तिसरा खण. थांबा, मी काढतो."

"राहू द्या. मी घेते."

"पन्नास-पन्नासचे गट केलेत. मधे चिठ्ठ्या लावल्यात, बघा. आधी काहीच सापडत नव्हतं इथं." ते एवढेच बोलले. त्यात एकही मोठा शब्द नव्हता. मला तो ऐकावासा वाटला, म्हणजे मी काय करायचे ते मला कळले असते.

खण ओढला. ठोकळ्यांच्या ओळी, मधे जाड कागदाच्या उभ्या चिठ्ठ्या. प्रत्येकीवर ठळक आकडे. मला हवा होता त्या गटाची चिठ्ठी मी उचलली. ती पाठीमागूनही लिहिलेली होती, त्याच टाइप केल्यासारख्या अक्षरात. इंडोलंट. खाली, 'एक: आळशी. दोन: सावकाश वाढणारी, न दुखणारी. मॅडम.' आणि तारीख. तारीख परीक्षेच्या सात महिने आधीची होती.

मी शेजारची काढली. फ्लोरिड. 'एक: अलंकारिक, भडक. दोन: सगळीकडे भरून आलेले. मॅडम.' तिसरी काढली. प्रत्येकीवर दोन ओळी होत्या. पहिलीपुढे पुस्तकाचे पान. दुसरीपुढे, पान लिहितात त्या जागी, मी.

चौथ्या चिठ्ठीवर फॉर्च्युइटस होते. ती मी परत ठेवणार होते. ठेवली नाही.

'एक: योगायोगाने घडलेले. दोन: सुदैवाने. मॅडम.' आणि त्याखाली, वेगळ्या शाईने, बहुधा नंतर कधीतरी: 'दोन्ही बरोबर.'

"सापडला का, मॅडम?" प्रमुख स्टुलावरून म्हणाले.

"सापडला."

त्यांना ऐकू गेले नाही. मी त्यांच्या डाव्या बाजूला होते. ते थोडे पुढे झुकून, उजवा कान माझ्याकडे करून, वाट पाहत राहिले.

मी चिठ्ठी होती तशी, आकडे पुढे करून, खणात उभी केली. मग मोठ्याने म्हणाले, "सापडला."